रायचूर १५२०: कृष्णदेवरायाची मोहीम नेमकी कशासाठी होती?

मुंबईहून सोलापूरमार्गे चेन्नईला जाणारी गाडी कलबुर्गी, वाडी, यादगीर मागे टाकते आणि कृष्णेच्या पुलावर येते. पूल ओलांडला की थोड्याच वेळात रायचूर. रायचूर सुटलं की आणखी एक मोठा पूल लागतो, तो तुंगभद्रेचा. या दोन पुलांच्या मधला प्रदेश म्हणजे रायचूरचा दोआब. दोन नद्या पुढे कर्नूलजवळ एकमेकींना मिळतात, त्यामुळे नकाशावर हा पट्टा पाचरीसारखा दिसतो. या पाचरीसाठी दक्षिणेतली राज्यं दोनशे वर्षांहून जास्त काळ भांडत राहिली. त्यातली सगळ्यांत गाजलेली लढाई १९ मे १५२० रोजी झाली, विजयनगरचा कृष्णदेवराय आणि विजापूरचा इस्माईल आदिलशाह यांच्यात.

मराठी माणसाला कृष्णदेवराय बहुतेक वेळा भेटतो तो संत भानुदासांच्या कथेत. राजाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती आपल्या राजधानीत नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरा सांगते. किंवा मग तो भेटतो तेनालीरामाच्या गोष्टींमध्ये. या दोन्ही ओळखींमध्ये त्याचं सैन्य, त्याचा पैसा, त्याचं राजकारण कुठेच दिसत नाही. आणि जिथे दिसतं तिथे ‘हिंदू राजाने सुलतानांना धूळ चारली’ एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. ते वाक्य खोटं नाही, पण त्याने समजत काहीच नाही. राजा त्याच वेळी, त्याच जागी, एवढा खर्च करून का गेला, हे समजून घ्यायचं तर जमीन, घोडे आणि तोफा या तीन गोष्टींकडे बघावं लागतं.

भांडणाची जमीन

दोआबात काळी कसदार जमीन आहे, कापूस पिकतो. पण महत्त्व नुसत्या पिकाचं नव्हतं. उत्तरेकडून विजयनगरवर यायचं तर याच पट्ट्यातून यावं लागे आणि विजयनगरला उत्तरेकडे सरकायचं तरी हाच रस्ता. हंपी तुंगभद्रेच्या दक्षिण काठावर. म्हणजे रायचूर आणि मुदगल हे दोन किल्ले शत्रूच्या हातात असले की शत्रू राजधानीच्या उंबरठ्याशी बसलेला. उलट ते आपल्याकडे असले तर सरहद्द थेट कृष्णेवर जाते.

रायचूरचा किल्ला या भांडणाहून जुना. तिथल्या तटात एक्केचाळीस फुटांच्या आसपास लांबीची एक अजस्र शिळा बसवलेली आहे. काकतीयांच्या काळात, १२९४ साली गोरे गंगय्या रेड्डी याने हा किल्ला बांधल्याचा लेख तिच्यावर कोरला आहे. पुढे १३३६च्या सुमारास विजयनगर उभं राहिलं, १३४७मध्ये गुलबर्ग्याला बहमनी राज्य स्थापन झालं आणि दोघांमध्ये दोआबाची ओढाताण सुरू झाली. कधी हे जिंकत, कधी ते. १४९०च्या सुमारास बहमनी राज्य फुटायला लागलं. विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बिदर अशी पाच राज्यं त्यातून निघाली. बहमनी सुलतान बिदरला नावापुरता उरला. दोआब विजापूरच्या वाट्याला आला.

१५०९मध्ये कृष्णदेवराय गादीवर आला तेव्हा त्याच्यापुढे एक जुनं कर्जच होतं. साळुव नरसिंह या आधीच्या राजाने मरताना काही किल्ले घेण्याची इच्छा मागे ठेवली होती, त्यात रायचूर आणि उदयगिरी होते. कृष्णदेवराय त्या घराण्याचा नव्हता. त्याचा बाप तुळुव नरसा नायक हा त्या राजाचा सेनापती, आणि तुळुवांच्या हाती सत्ता आली ती बळजबरीने. नव्या घराण्याला आपला हक्क सिद्ध करायचा असेल तर जुन्या राजाची अपुरी इच्छा पुरी करण्यासारखा दुसरा मार्ग नाही. मला वाटतं, या मोहिमेमागची ही गरज आपण फार कमी लक्षात घेतो.

पण तो लगेच रायचूरवर चालून गेला नाही. आधी दक्षिणेतल्या उम्मत्तूरच्या बंडखोरांना त्याने मोडलं. मग पूर्वेकडे ओडिशाच्या गजपतींविरुद्ध मोठं युद्ध. उदयगिरीचा वेढाच दीड वर्षाच्या आसपास चालला. नंतर कोंडविडू पडलं, कोंडपल्ली पडलं, सैन्य सिंहाचलमपर्यंत पोचलं. शेवटी गजपतीने तह केला आणि आपली मुलगी राजाला दिली. गजपती हिंदूच होते. राजाची सगळ्यांत लांबलेली, सगळ्यांत खर्चिक लढाई एका हिंदू राजाशी झाली, हे विसरून रायचूरकडे बघता येत नाही. पूर्वेची बाजू अशी मोकळी झाल्यावरच, सगळी ताकद एका दिशेला वळवणं शक्य झाल्यावरच, तो उत्तरेकडे फिरला.

घोड्यांचा हिशेब

आता घोड्यांकडे येऊ, कारण युद्धाचं निमित्तच घोड्यांवरून घडलं.

दख्खनच्या हवेत लढाऊ घोड्याची चांगली पैदास होत नसे. उंच, दमदार घोडे अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरातून जहाजांनी यायचे आणि भटकळ, गोवा, दाभोळ, चौल अशा बंदरांवर उतरायचे. वाटेत कितीतरी मरत. फेर्नाव नुनीझ नावाचा पोर्तुगीज घोडेव्यापारी १५३५च्या आसपास विजयनगरला होता. त्याने लिहून ठेवलंय की साळुव नरसिंह घोडे मेलेले असोत की जिवंत, हजार परदावांना (परदाव म्हणजे सोन्याचं नाणं) तीन या भावाने घ्यायचा. समुद्रात मेलेल्या घोड्याचं नुसतं शेपूट आणून दाखवलं तरी पैसे मिळत. व्यापाऱ्याचा तोटा राजा स्वतः सोसत होता, कारण व्यापारी दुसऱ्या बंदराकडे वळला तर तो घोडा शत्रूच्या पागेत जाणार. कृष्णदेवरायाच्या काळात दरवर्षी तेरा हजार घोडे विकत घेतले जात, असा नुनीझचाच आकडा आहे.

हे धोरण राजाने आपल्या ‘आमुक्तमाल्यद’ या तेलुगू काव्यातही मांडलंय. राजनीतीच्या भागात तो सांगतो की बंदरं नीट ठेवा, हत्तीघोडे आणणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांना मान द्या, चांगला भाव द्या, म्हणजे हा माल शत्रूकडे जाणार नाही. सिंहासनावर बसलेला माणूस काव्यात बंदरांच्या व्यवस्थेबद्दल बोलतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याला आपल्या राज्याची नस कुठे आहे ते नेमकं ठाऊक होतं.

१५१०मध्ये या व्यापाराचा सगळा तोल बदलला. आल्फोन्सु द आल्बुकर्कने विजापूरकडून गोवा घेतला. तो काही महिन्यांत गमावला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा जिंकला. समुद्रावर आधीच पोर्तुगीजांची हुकमत होती, आता घोड्यांचं मोठं बंदरही त्यांच्या हातात आलं. विजापूरचं ते मोठं नुकसान होतं. गोव्यातून घोडे कुणाला मिळणार, हे आता पोर्तुगीज ठरवणार होते आणि विजयनगर त्यांच्याशी सलोखा ठेवून होतं.

याच पार्श्वभूमीवर नुनीझ युद्धाचं कारण सांगतो. राजाने सिदी मरकार नावाच्या एका मुसलमान व्यापाऱ्याला चाळीस हजार परदाव देऊन गोव्याला घोडे आणायला पाठवलं. तो फोंड्याला पोचला आणि तिथून पैशांसकट विजापूरच्या आश्रयाला गेला. राजाने माणूस आणि पैसे परत मागितले. आदिलशाहाने आपल्या काझींचा सल्ला घेतला आणि हा विद्वान, पैगंबरांच्या कुळातला माणूस आहे म्हणून सोपवायला नकार दिला. त्याला कोकणात दाभोळला धाडलं, तिथून तो पसार झाला. राजाने मग दूत पाठवणं थांबवून फौज गोळा केली.

ही रक्कम मोठी होती, पण एवढ्या रकमेसाठी कोणी दक्षिणेतलं सगळ्यांत मोठं सैन्य हलवत नाही. युद्ध करायचं ठरलेलं होतंच. मरकारने कारण दिलं, आणि तेही असं की दरबारातल्या कोणालाही राजाला ‘थांबा’ म्हणता येऊ नये.

मुस्लिम इतिहासकार फिरिश्ता वेगळं सांगतो. त्याच्या मते दोआब परत घेण्यासाठी आधी इस्माईलच निघाला होता. म्हणजे रायचूर किंवा त्याचा काही भाग तेव्हा आधीच विजयनगरकडे होता. दोन्ही हकिकती जुळत नाहीत. एक विजयनगरच्या दरबारात ऐकलेली, दुसरी विजापूरच्या आठवणींतून आलेली. लढाईचा तपशील नुनीझकडे जास्त आहे म्हणून पुढचं मुख्यतः त्याच्या आधाराने सांगतो.

वेढा

नुनीझ सैन्याचा आकडा देतो: ७,०३,००० पायदळ, ३२,६०० घोडेस्वार, ५५१ हत्ती. पायदळाचा आकडा जसाच्या तसा घेण्यात अर्थ नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर, कोरड्या दोआबात, सात लाख माणसांना रोजचं अन्नपाणी पुरवणं त्या काळात शक्यच नव्हतं. मात्र घोडे आणि हत्ती मोजूनमापून ठेवले जात, त्यांचे आकडे खऱ्याच्या जवळ असावेत. आणि पाण्याची चिंता किती मोठी होती ते नुनीझच सांगतो: तहानेने कोणी मरू नये म्हणून बारा हजार पखालवाले वाटेवर ठिकठिकाणी उभे केले होते. आघाडीला कामा नायक हा सरदार होता. फौजेमागे व्यापारी, धोबी, नाचणाऱ्या बायका, असा सगळा बाजारच चालत होता.

रायचूरला दगडी तटाच्या तीन रांगा होत्या. चुना न वापरता रचलेले दगड आणि आतून भरलेली माती. किल्ल्यात आठ हजार शिबंदी, तटावर दोनशे मोठ्या तोफा, शिवाय दगड फेकणारी यंत्रं. राजाने पूर्वेच्या बाजूने जोर लावला. विजयनगरची वेढ्याची पद्धत जुनी होती. तट उडवणाऱ्या तोफा त्याच्याकडे नव्हत्या म्हणून माणसं कुदळी आणि पहारी घेऊन थेट तटाशी भिडत आणि वरून होणाऱ्या माऱ्यात दगड उपटत. माणसं मागे हटायला लागली तेव्हा सरदारांनी उपटलेल्या दगडांना भाव लावला. दगड जेवढा मोठा, तेवढे जास्त पैसे. हे किती माणसांच्या जिवावर चाललं असेल याची कल्पनाच केलेली बरी. तीन महिने असे गेले, किल्ला पडला नाही. तेवढ्यात बातमी आली की आदिलशाह कृष्णेच्या उत्तर काठावर येऊन उतरलाय.

१९ मे १५२०

आदिलशाहाकडे घोडेस्वार कमी, अठरा हजारांच्या आसपास, पण तोफखाना जबरदस्त. त्याचा सगळा भरवसा तोफांवर होता आणि त्याच भरवशावर त्याने नदी ओलांडली. फिरिश्ता म्हणतो की तो तेव्हा दारूच्या अमलात होता आणि तयारी पुरी नसताना हट्टाने नदीत उतरला. पराभवाला कारण हवं म्हणून दरबारी आठवणीत अशा गोष्टी येतात. पण नदी पाठीशी घेऊन लढायला उभं राहणं ही चूक होती, ती कशीही झाली असो.

विजयनगरच्या सरदारांना लगेच लढायचं होतं, पण वार शुक्रवार होता आणि तो अशुभ मानला जाई. राजाने एक दिवस थांबून शनिवारी पहाटे हल्ला केला. पहिल्या फळीने धडक मारली, विजापूरची आघाडी मागे रेटली गेली. मग आदिलशाहाने सगळ्या तोफा एकदम डागल्या. विजयनगरची पहिली फळी फुटली. माणसं, घोडे, हत्ती पडले, उरलेले पळायला लागले आणि विजापूरचे स्वार त्यांच्या मागे धावत सुटले.

लढाईचा निकाल इथे लागला. त्या काळची मोठी तोफ एकदा डागली की पुन्हा भरायला बराच वेळ लागे आणि तोंड फिरवणं तर फारच अवघड. विजापूरचे स्वार तोफांच्या पुढे धावून गेले तसा तोफखाना निकामी झाला, कारण आता मारा केला असता तर तो स्वतःच्याच माणसांवर पडला असता. पाठलागात त्यांची रांगही मोडली होती. राजाच्या राखीव फळ्या मात्र जागच्या जागी ताज्या उभ्या होत्या. त्याने आपली अंगठी एका सेवकाला दिली, आपण पडलो तर राण्यांना दाखव म्हणजे त्या सती जातील असं सांगितलं, घोड्यावर बसला आणि उरलेलं सगळं सैन्य घेऊन चालून गेला. विजापूरची फौज त्या रेट्यापुढे टिकली नाही. ती मागे हटली, थेट नदीपर्यंत. पुढे जे झालं ती लढाई नव्हती, कत्तल होती. शेवटी राजानेच सैन्याला थांबवलं. दोष नसलेली माणसं मरताहेत, असं तो म्हणाल्याचं नुनीझ लिहितो.

आदिलशाहाचा सेनापती सलाबत खान पकडला गेला. त्याच्या पदरी पाचशे पोर्तुगीज होते, आपलं राज्य सोडून विजापूरच्या चाकरीत गेलेले. आदिलशाह हत्तीवरून निसटला. त्याला वाचवलं ते असद खान लारी याने. बेळगाव पुढे याच असद खानाचं ठाणं झालं आणि त्याचा दर्गाही तिथेच आहे. विजयनगरच्या हाती चार हजार घोडे, शंभर हत्ती आणि चारशे मोठ्या तोफा लागल्या. राजाच्या बाजूचे सोळा हजारांवर पडले होते.

राजा पुन्हा रायचूरकडे वळला. तिथे क्रिश्तोव्हाव द फिगेरेदू नावाचा पोर्तुगीज घोडे विकायला आलेला होता, सोबत वीस बंदूकची. बंदुका घेऊन तटावरच्या माणसांना टिपू का, अशी त्याने परवानगी मागितली. तटावरून डोकं बाहेर काढणं शिबंदीला अवघड झालं, खाली दगड उपटणाऱ्यांना मोकळीक मिळाली. किल्लेदार परिस्थिती बघायला डोकावला आणि गोळी लागून पडला. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला. रहिवाशांची मालमत्ता राजाने त्यांच्याकडेच ठेवली आणि ज्यांना जायचं होतं त्यांना जाऊ दिलं.

विजयानंतरचा उन्माद

इथवर राजा मला पटतो. यापुढचा पटत नाही. आदिलशाहाचा वकील तहासाठी आला, त्याला महिनाभर ताटकळत ठेवलं. मग निरोप दिला: तुझ्या धन्याने येऊन माझ्या पायाचं चुंबन घ्यावं, सगळं परत देतो. आदिलशाह आला नाही. राजा चालून थेट विजापुरात शिरला. शहर रिकामं होतं. सैनिकांनी स्वयंपाकाच्या जळणासाठी घरांची लाकडं काढली, शहराची नासधूस झाली. दुसरीकडे असद खानाने सगळा दोष सलाबत खानावर ढकलला आणि राजाने त्या कैद्याचं डोकं उडवलं. मग गुलबर्गा उद्ध्वस्त झालं.

गुलबर्ग्यात राजाने बहमनी सुलतानाच्या कैदेतल्या तीन मुलांना सोडवलं, थोरल्याला गादीवर बसवलं आणि दोघांना सोबत नेलं. ‘यवनराज्यस्थापनाचार्य’ हे बिरुद त्याच्या शिलालेखांत येतं, म्हणजे यवनांचं राज्य स्थापन करून देणारा. यामागे हिशेब साधा होता. बहमनी गादी जिवंत राहिली तर विजापूरचा आदिलशाह हा फक्त एक बंडखोर सरदार ठरतो. ज्यांना हे युद्ध धर्मयुद्ध म्हणून सांगायचं असतं ते हे बिरुद सांगत नाहीत. विजयनगरच्या फौजेत मुसलमान धनुर्धारी आणि स्वार दुसऱ्या देवरायाच्या काळापासून, म्हणजे शंभर वर्षांपासून होते. पोर्तुगीज दुमिंगुश पायश याने कृष्णदेवरायाला पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर जरीची उंच टोपी होती. तशीच टोपी तिरुमलाच्या मंदिरातल्या त्याच्या पुतळ्यावर आजही दिसते. इराणी धाटणीची ही टोपी दख्खनच्या दरबारांमध्ये सर्रास होती. ही माणसं एकमेकांची भाषा, पोशाख, पदव्या जाणत होती. भांडत होती ती जमिनीसाठी, घोड्यांसाठी आणि दरबारात कोण कोणापुढे वाकणार यासाठी.

या सगळ्याचा लगेचचा फायदा मात्र तिसऱ्यानेच घेतला. आदिलशाह खिळखिळा झालाय हे बघून गोव्याचा पोर्तुगीज कप्तान रुय द मेलू याने साष्टी, बारदेश आणि फोंड्याचा मुलूख ताब्यात घेतला.

जिंकणाऱ्याने काय घेतलं, हरणाऱ्याने काय घेतलं

१५२०च्या लढाईत तोफा हरल्या आणि घोडदळ जिंकलं. विजयनगरच्या हाती चारशे तोफा आल्या, पण तोफखान्यावर युद्ध उभं करण्याची त्यांना गरज वाटली नाही, कारण जुन्या पद्धतीने काम झालं होतं. हरलेल्या बाजूने मात्र विचार केला. पुढच्या काही दशकांत सुलतानांच्या किल्ल्यांना तोफा ठेवण्याजोगे गोल बुरूज आले, तोफा ओतण्याचे कारखाने वाढले. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९मध्ये अहमदनगरला ओतलेली आहे.

कृष्णदेवराय १५२९मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी इस्माईलने रायचूर आणि मुदगल परत घेतले. आणखी तीस-पस्तीस वर्षं दोआब हात बदलत राहिला. सुलतान एकत्र का येत नव्हते याचं उत्तर सोलापुरात सापडतं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला इस्माईलची बहीण दिली, पण तिच्यासोबत ठरलेलं सोलापूर विजापूरने दिलं नाही, असा निजामशाहीचा दावा होता. त्या एका किल्ल्यावरून दोन दरबार पिढीभर लढले आणि विजयनगर कधी याच्या, कधी त्याच्या बाजूने उभं राहून फायदा घेत राहिलं. १५६४मध्ये पुढच्या पिढीतल्या हुसेन निजामशाहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशाहाला दिली आणि हुंड्यात सोलापूर दिलं. भांडण मिटलं. जानेवारी १५६५मध्ये सुलतान एकत्र कृष्णाकाठी उतरले, अहमदनगरचा तोफखाना मध्यभागी होता. तालिकोटच्या त्या लढाईत विजयनगरची फौज मोडली आणि रायचूर, मुदगल पुन्हा विजापूरकडे गेले.